मॅटरहॉर्नवरचा तिसरा दोर: दोरी, सुंभ की नुसताच दोर?

कारवी
आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या वार्षिकासाठी एडवर्ड व्हिंपर या इंग्रज गिर्यारोहकाच्या ‘स्क्रॅम्बल्स अमंग्स्ट द आल्प्स’ (१८७१) मधलं मॅटरहॉर्न या आल्प्समधल्या शिखराचं प्रकरण मराठीत करते आहे. तीन दिवस एका शब्दावर अडले आहे.

प्रसंग बहुतेकांना माहीत असेल. १४ जुलै १८६५ ला सात जण पहिल्यांदा माथ्यावर पोचले. उतरताना सगळ्यांत पुढे मिशेल क्रो, त्याच्यामागे हॅडो, हडसन, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, मग थोरला पीटर टाउगवाल्डर हा गाईड, व्हिंपर आणि शेवटी टाउगवाल्डरचा मुलगा, धाकटा टाउगवाल्डर. हॅडोचा पाय सुटला, तो क्रोवर आदळला, दोघांच्या झटक्याने हडसन आणि डग्लस ओढले गेले. डग्लस आणि थोरला पीटर यांच्यामधला दोर तुटला. चौघं गेले, तिघं राहिले.

व्हिंपर सांगतो की जवळ तीन प्रकारचे दोर होते. एक मनिलाचा (तागासारख्या एका धाग्याचा), २०० फूट. दुसरा त्याहून जाड, १५० फूट. तिसरा पहिल्यापेक्षा हलका आणि कमजोर, २०० फुटांहून जास्त. तो राखीव म्हणून आणलेला, वेळ पडली तर खडकाला बांधून तिथेच सोडून द्यायला. नेमका हाच तिसरा त्या दोघांच्या मध्ये होता.

इंग्रजीत तिन्हींना शब्द एकच, फरक विशेषणांचा. मी लिहिलं: दोर, दोरखंड, दोरी. काकांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, “दोरीने माणसं बांधली? मग त्या टाउगवाल्डरला सोडला कसा?” तेव्हापासून हात थांबलाय. अपघाताच्या चौकशीत थोरला टाउगवाल्डर निर्दोष ठरला होता, आणि माझा एक शब्द त्याला परत आरोपी करतोय. काय लिहू?

घाटमाथा
सुंभ लिहा. ‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे शब्द ओळखीचा, आणि हलक्या प्रतीचा दोर हा अर्थ आपोआप येतो. दोरी म्हटलं की कपडे वाळत घालायची दोरी डोळ्यांपुढे येते, तुमच्या काकांचं बरोबर आहे.

सुरंगी
हलक्या प्रतीचा? सुंभ म्हणजे काथ्याचा. आमच्या घरी आजी स्वतः वळायची. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कित्येक महिने कुजत ठेवायची, मग काढून दगडावर लाकडाने बडवायची, भुसा झडला की तांबूस धागे उरायचे. दोन चिमटी काथ्या घेऊन मांडीवर तळव्याने एकदा पुढे, एकदा मागे. दोन पेड एकमेकांत शिरत जायचे आणि सुंभ तिच्या मागे अंगणात लांबत जायचा. मांडीला घट्टे पडले होते तिच्या. त्या सुंभाने बांधलेला मांडव दोन पावसाळे काढायचा. खाऱ्या पाण्याला काथ्या भीत नाही, म्हणून तर होड्यांना वापरतात.

मुख्य म्हणजे आल्प्समध्ये १८६५ ला नारळाचा काथ्या कुठून आणणार? वाचकाच्या हाताला तो खरखरीत काथ्या लागला की प्रसंग कोकणात येऊन पडतो.

घाटमाथा
आमच्याकडे सोलापूर भागात सुंभ म्हणताना काथ्या-अंबाडी असा भेद कुणी करत नाही. कुठलीही खरबरीत बारीक दोरी म्हणजे सुंभ. शब्द फिरतो, त्याला एकाच झाडाला बांधून ठेवता येत नाही.

सुरंगी
वापरा खुशाल, पण कोशात काथ्याच आहे.

पाणवठा
कोश काढलाच आहे तर सांगतो. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, आणि लंडनचा आल्पाइन क्लब हा गिर्यारोहकांचा क्लबही १८५७ चाच. म्हणजे व्हिंपर डोंगर चढत होता तेव्हा आपल्याकडे दोराला कोणते शब्द होते याची यादी तयार आहे: चऱ्हाट, दावं, कासरा, नाडा, सोल. प्रत्येकाचं काम वेगळं. दाव्याने गुरं बांधायची, कासऱ्याने बैल हाकायचे, नाड्याने मोट ओढायची. त्या काळचं लेखन त्या काळच्या मराठीत आणावं असं माझं प्रामाणिक मत आहे. तिसऱ्या दोराला मी चऱ्हाट म्हणेन.

माझा एक समज आहे, चुकत असेन तर सांगा: चऱ्हाटाचं नातं ‘चरणं’शी असावं. गुराला चरायला लांब सोडायचं तो दोर.

घाटमाथा
चरण्याशी संबंध मला पटत नाही. आमच्याकडे चऱ्हाट गाडीवरचा कडबा आवळायला. आणि ‘चऱ्हाट लावलंय’ म्हणजे लांबण लावलीय. वाचक ते आधी ऐकेल.

कातळखाच
पंचवीस वर्षं सुळके चढतोय. कड्यावर ‘दोर टाक’ म्हणतो, ‘रोप टाक’ही म्हणतो, पण कासरा-चऱ्हाट कुणाच्या तोंडी ऐकलं नाही. आज गिर्यारोहकांचा शब्द रोप आहे. वार्षिक गिर्यारोहकांसाठी आहे ना? मग मनिला रोप, जाड रोप, राखीव रोप. राखीव या शब्दात सगळं आलं: तो कशासाठी आणला होता तेही, आणि तो मधे यायला नको होता तेही. टाउगवाल्डरवर शिंतोडा नाही.

पाणवठा
राखीव मान्य. रोप मान्य नाही. मराठीत रोप म्हणजे लावायचं रोपटं. ‘रोप लावला’ आणि ‘रोप लावलं’ यांत फरक फक्त लिंगाचा राहतो, ‘रोप तुटला’ वाचताना नवा वाचक अडखळणार. दोन अक्षरांचा ‘दोर’ सातशे वर्षं पुरला, तो मॅटरहॉर्नवर का पुरू नये?

कातळखाच
अडखळणार नाही. बोल्ट, पिटॉन, हार्नेस, बिले हे सगळं आपण जसंच्या तसं घेतलं, तिथे कुणी अडखळलं नाही. तुम्ही ‘प्रस्तरारोहण’ छापता आणि कड्याखाली उभे राहून ‘क्लाइंबिंगला जातोय’ म्हणता, हे मला खरंच खटकतं. लिहायची भाषा आणि दोर हातात असतानाची भाषा इतकी लांब नसावी.

सोनकी
नामावर सगळे भांडताय, मला क्रियापदाची काळजी वाटते. मराठीत दोर तुटतो किंवा कुणीतरी तोडतो. ‘तुटला’ लिहिलंत की आपोआप, ‘तोडला’ किंवा ‘कापला’ लिहिलंत की माणूस आला. त्यात आपल्या वाचकाच्या मनात सूर्याजी आधीच उभा आहे. सिंहगडावर १६७० साली त्याने परतीचे दोर कापले, ही गोष्ट आपण दुसरी-तिसरीपासून ऐकतो. ‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचारच झाला. म्हणून मराठी वाचकाला कड्यावर दोर तुटला म्हटलं की पहिला प्रश्न सुचतो, कापला तर नाही ना?

आणि तो प्रश्न टाउगवाल्डरला जन्मभर विचारला गेला. स्वतःचा जीव वाचवायला दोर कापला, अशी कुजबुज होती. म्हणून मी सुचवेन ‘काचला’. दोर खडकावर घासून काचतो, ते कुणाच्या हातात नसतं. शब्द अगदी आपला आहे. विहिरीच्या काठावर दगडाला पडलेल्या खाचा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

कारवी
सोनकीताई, शब्द इतका सुंदर आहे की तो घेता येत नाही याचं वाईट वाटलं. ऑगस्ट १८६५ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये व्हिंपरचं पत्र छापलं गेलं. त्यात तो नेमकं हेच खोडतो: खडकावर घासून दोर तुटला असं म्हणतात ते खरं नाही, तो अधांतरी तुटला, आणि टोकाला आधी इजा झाल्याची खूण नाही. म्हणजे ‘काचला’ लिहिलं तर मी त्याच्या साक्षीविरुद्ध लिहिते.

त्या दोराचा तुकडा मॅटरहॉर्नच्या पायथ्याच्या झेरमाट गावातल्या संग्रहालयात ठेवलेला आहे. छायाचित्र मोठं करून पाहिलं. टोकाला पेड सुटून विस्कटलेले आहेत.

कातळखाच
कापलेल्या दोराचं टोक सपाट दिसतं. ताणाने तुटतो तेव्हा एकेक धागा वेगवेगळ्या ठिकाणी हार मानतो, म्हणून टोक झाडूसारखं होतं. आमचा एक जुना दोर झाडाला बांधून गाडीने ओढून तोडला होता, नव्या मुलांना दाखवायला. आवाज बंदुकीसारखा आला. त्या दिवसापासून त्यांच्यातलं कुणी दोरावर पाय देत नाही.

१८६४ मध्ये आल्पाइन क्लबच्या समितीने वजनं खाली सोडून दोरांची चाचणी घेतली होती. मनिला तेव्हा पसंतीच्या यादीत होता. तिसरा दोर म्हणजे व्हिंपर त्याआधी वापरायचा तो. म्हणून ‘जुन्या चालीचा दोर’ असंही चालेल.

घाटमाथा
‘तटकन तुटला’ लिहा. ताणाने तुटल्याचं ‘तटकन’मध्ये आहे.

सुरंगी
मला दुसरंच विचारायचंय. टाउगवाल्डरला तुम्ही काय म्हणताय? गाईड, मार्गदर्शक की वाटाड्या?

कारवी
आत्ता ‘वाटाड्या’ लिहिलंय.

सुरंगी
मग काकांना राग आला तो दोरीमुळेच कशावरून? वाटाड्या पुढे चालतो, वाट दाखवतो, गावाच्या शिवेवरून पैसे घेऊन परत फिरतो. टाउगवाल्डर साहेबांशी एकाच दोरात बांधलेला होता. साहेब पडला तर तोही पडणार. त्याला वाटाड्या म्हणणं कमी पडतं.

पाणवठा
मी उलट म्हणेन. मार्गदर्शक म्हणजे आज प्रबंधाचा मार्गदर्शक. वाटाड्या हा एकच शब्द आहे ज्याला पायाखालची जमीन आहे.

कातळखाच
आमच्या एका मोहिमेत कोकणात उतरायच्या नाळेत गावातले एक मामा बरोबर होते. वाटाड्या म्हणूनच घेतले होते. घसाऱ्यावर आमचा एक जण सरकला तेव्हा मामांनी झाडाला मिठी मारून दुसऱ्या हाताने त्याची सॅक धरली. दोर नव्हताच. त्या अहवालात मी त्यांना वाटाड्या लिहिलं आणि आजही तो शब्द वाचला की मला अपुरा वाटतो. दुसरा मात्र सुचलेला नाही.

सोनकी
‘सोबती’?

पाणवठा
सोबत्याला मजुरी देत नाहीत. टाउगवाल्डरला मजुरी ठरली होती, आणि आरोप झाला तो ती घेणाऱ्यावर. ते दिसायलाच हवं.

कारवी
उद्या सकाळी मजकूर द्यायचा आहे. तूर्त वाक्य असं: ‘डग्लस आणि थोरला पीटर यांच्यामध्ये राखीव दोर होता, तिन्हींतला सर्वांत कमजोर. तो अधांतरी तुटला.’ वाटाड्याचं अजून ठरत नाही.

घाटमाथा
‘तटकन’ का गाळलंत?

सुरंगी
आणि ‘कमजोर’ फारसी आहे हे पाणवठा यांच्या लक्षात आलं नाही वाटतं. ‘हलका’ ठेवा.

पाणवठा
आलं होतं लक्षात. हलका म्हणजे वजनाला की प्रतीला? व्हिंपर दोन्ही म्हणतो, आणि दोन्ही वेगळं म्हणतो.