म्हणे गुंड्याभाऊ एकाच भूमिकेवर जगला!

टिळकवाडीकर: काल इथं एकानं लिहिलं, ‘बाळ कर्वे आयुष्यभर एका गुंड्याभाऊवर जगले. खरा नट दिलीप प्रभावळकर.’ तेव्हापासून डोकं फिरलंय. दूरदर्शनवरच्या त्या जुन्या मालिकेत प्रभावळकरांचा चिमणराव घाबरा होऊन चाचरतो, त्याचं हसू कशामुळं येतं? शेजारी कर्व्यांचा गुंड्याभाऊ, हा आडदांड गडी, सोटा घेऊन ढिम्म असतो म्हणून. हशा दुसऱ्याच्या पदरात टाकायचा आणि आपण हलायचं नाही, जमतंय का बघा. आणि ‘जगले’ काय? माणूस मुंबई महापालिकेत नोकरी करून नाटक करायचा.

खानापूरचा पाव्हणा: ते लिहिणारा मीच. शब्द मागं घेणार नाही. प्रभावळकरांनी पुढं ‘झपाटलेला’ पिक्चरात तात्या विंचू केला, २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेत टिपऱ्यांचे आबा केले, २००६ ला ‘लगे रहो मुन्नाभाई’त गांधीजी. कर्व्यांचं दुसरं एक पात्र सांगा. घरात ती मालिका बघत वाढलोय, मला शिकवूलालात काय?

शहापूरची काकू: घरात? कुठल्या घरात गा? सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शन बेळगावलाच लागत नव्हतं, तुझ्या खानापुरात कुठनं आलं? आमच्याकडं टीव्ही आला तो सुद्धा मागनं, आणि लागायचं बेंगळुरू. बाबा कौलांवर अँटेनाचा दांडा फिरवायचे, मी खिडकीतनं ओरडायची, ‘आलं... आलं... गेलं!’ एवढं करून बघायचं काय, तर कन्नड बातम्या.

निपाणीकर: अगदी बरोबर! पाट्या कन्नड, सातबारा कन्नड, आणि करमणूक पण...

काकू: थांब रे. त्या बातम्यांनीच मला कन्नड आलं. बँकेत कारकुनाशी भांडते ते त्याच जोरावर.

निपाणीकर: म्हणजे अन्याय गोड मानून घ्यायचा? तुमच्यासारख्यांमुळंच सीमाप्रश्न कुजलाय.

काकू: १ नोव्हेंबरला, सीमाभागाच्या काळ्या दिनाच्या फेरीत, काळी फीत लावून मी चाललेय, तुझ्या जन्माआधीपासून. मला नको सांगू.

टिळकवाडीकर: अहो, गुंड्याभाऊ राहिला बाजूला! पाव्हणं, उत्तर द्या. कुठं बघितली मालिका?

खानापूरचा पाव्हणा: ...पुण्यात. मामाकडं. मे महिन्याच्या सुट्टीत.

टिळकवाडीकर: किती भाग?

खानापूरचा पाव्हणा: तीन. एकात लाईट गेली. बाकी १९७९ चा ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ पिक्चर बघितलाय.

काकू: अडीच भागांवर निकाल! ‘रथचक्र’ नाटकात होते कर्वे, ते ठाऊक नाही, आणि म्हणे दुसरं पात्र सांगा.

खानापूरचा पाव्हणा: बरं बाई, कर्वे थोर. झालं समाधान? पण टिपऱ्यांचे आबा गुंड्याभाऊला जमले नसते.

टिळकवाडीकर: आणि गुंड्याभाऊ प्रभावळकरांना शोभला असता? त्या अंगकाठीला?

खानापूरचा पाव्हणा: ते मात्र खरं. सोटाच जड झाला असता.

काकू: आमचा अँटेनाचा दांडा अजून आहे. सांडग्यांवर कावळा आला की उगारते.