डेन्मार्कचा कॅडेट प्रशियाचा सेनापती कसा झाला? आणि हे इतके मोल्टके नक्की कोण कोण?

वाचनवेडी:

मंडळी, सध्या प्रशियाच्या (जर्मनीतलं तेव्हाचं मोठं राज्य) 1866 च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या आणि 1870 च्या फ्रान्सविरुद्धच्या लढायांबद्दल वाचतेय आणि हेल्मुट फॉन मोल्टकेपाशी येऊन अडकलेय. हा माणूस प्रशियाच्या सैन्याचा मेंदू म्हणून ओळखला जातो, पण त्याचं शिक्षण कोपनहेगनच्या कॅडेट शाळेत झालं, पहिली नोकरी डॅनिश पायदळात, आणि नंतर 1864 ला त्याच डेन्मार्कविरुद्धच्या युद्धात तो प्रशियाकडून उभा! बरं, वयाच्या पासष्टीपर्यंत त्याचं नाव सैन्याबाहेर फारसं कुणाला माहीतसुद्धा नव्हतं म्हणतात. मग हा वर कसा चढला? घराणं मोठं होतं म्हणून का? दुसरं म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाही एक हेल्मुट फॉन मोल्टके सेनाप्रमुख आहे, नाझींनी फाशी दिलेलाही एक हेल्मुट मोल्टके आहे, आणि डेन्मार्कचा एक पंतप्रधानसुद्धा मोल्टके. सगळे एकाच घरातले का? कुणीतरी नीट उलगडून सांगा ना प्लीज.

जुना_नकाशा:

घराणं जुनं खरं, उत्तर जर्मनीत मेक्लेनबुर्गमधलं सरदार घराणं, पण ह्याच्या घरात पैसा नव्हता, आणि माझ्या मते त्याचं सगळं करिअर ह्या एका गोष्टीतून समजतं.

जन्म 26 ऑक्टोबर 1800, पार्शिम गावी. वडील आधी प्रशियाच्या सैन्यात होते, ते सोडून शेतीवाडीत पडले, त्यात काही जमलं नाही, मग होल्स्टाइनमध्ये स्थायिक झाले. होल्स्टाइन तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली, त्यामुळे वडील डॅनिश प्रजाजन झाले आणि पुढे डॅनिश सैन्यातच वर गेले. आई हेनरिएट ल्यूबेकच्या पाशेन नावाच्या सधन घरातली. 1806 मध्ये फ्रेंचांनी ल्यूबेक लुटलं त्यात ह्या कुटुंबाचंही नुकसान झालं. मग अशा घरातला मुलगा कुठे जाणार? सरकारी खर्चानं शिकवणाऱ्या कॅडेट शाळेत. म्हणजे डेन्मार्क त्यानं आवडीनं निवडला होता असं नाहीये, बापाच्या परिस्थितीनं तो त्याच्या वाट्याला आला.

1819 ला तो रेंड्सबुर्गच्या डॅनिश रेजिमेंटमध्ये सेकंड लेफ्टनंट झाला. पण नेपोलियनच्या युद्धांत डेन्मार्कनं नॉर्वे गमावला होता, सैन्य लहान, बढतीला वाव नाही. 1822 ला त्यानं प्रशियाची परीक्षा दिली आणि फ्रांकफुर्टला, म्हणजे ओडर नदीवरच्या फ्रांकफुर्टला, 8व्या पायदळ रेजिमेंटमध्ये पुन्हा अगदी तळातून सुरुवात केली. डॅनिश नोकरीची ज्येष्ठता गेली ती गेलीच. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या युद्धशाळेत निवड झाली, तिथे तेव्हा युद्धशास्त्रावरचा प्रसिद्ध लेखक क्लाउझेविट्झ संचालक होता, पण त्याच्याकडे कारभार होता, तो शिकवत नसे, त्यामुळे गुरू-शिष्य वगैरे जे लिहिलं जातं ते जरा जपून घ्या.

तिथून पुढे सायलेशिया आणि पोझेनमध्ये जमीन मोजणी, नकाशे काढणं. बढती हळू, पगार तुटपुंजा, घोडा घ्यायला पैसे हवेत म्हणून ह्यानं गिबनच्या रोमच्या इतिहासाचं जर्मन भाषांतर करायला घेतलं! बारापैकी नऊ खंड केले, आणि प्रकाशकानं ते छापलंच नाही, ठरलेल्या पैशातले थोडेच हातात पडले. पण त्या काळात केलेला अभ्यास वाया गेला नाही. नकाशे, भाषा, इतिहास ह्या तीन गोष्टींवर तो जनरल स्टाफमध्ये, म्हणजे युद्धाच्या योजना आखणाऱ्या कार्यालयात, टिकला. सैन्यात घोड्यावरून तलवार उपसून पुढे जाणाऱ्याचं नाव होतं, हा टेबलावर बसणारा होता, म्हणून लोकांना उशिरा कळला.

पत्रप्रेमी:

वरचा प्रतिसाद छान, पण तुर्कस्तान राहिलं की. 1835 ला कॅप्टन असताना रजा घेऊन तो इस्तंबूलला गेला, आणि सुलतान महमूद दुसरा आपलं सैन्य नव्यानं बांधत होता त्यानं ह्याला ठेवून घेतलं. शहराचा आणि बॉस्फरसचा नकाशा त्यानं केला, मग अनातोलियात तुर्की सेनापती हाफिझ पाशाच्या फौजेबरोबर. 24 जून 1839 ला निझिपला इजिप्तच्या इब्राहिम पाशाशी गाठ पडली, मोल्टके सांगत होता की मागच्या मजबूत जागी सरका, हाफिझनं ऐकलं नाही आणि फौज उधळली. हाताखाली एवढी फौज असताना सल्ल्याला किंमत नसणं काय असतं हे त्यानं तिथे प्रत्यक्ष पाहिलं. वाचनवेडी, तुम्ही त्याचं काहीतरी मूळचं वाचणार असाल तर ह्या काळातली घरी लिहिलेली पत्रं वाचा, लढायांच्या आराखड्यांपेक्षा माणूस तिथे जास्त सापडतो. बारीक निरीक्षण आहे, रस्ते, कारवान, प्लेगचे दिवस, सगळं. ह्याच काळात, 1837 ला, आई गेली आणि हा इतका लांब.

आता कुटुंबाचं. त्याची बहीण ऑगुस्टे हिनं जॉन बर्ट नावाच्या इंग्रज विधुराशी लग्न केलं होतं, ते होल्स्टाइनमध्ये इट्झेहोला राहायचे. तुर्कस्तानची पत्रं त्या घरात वाचली जायची आणि बर्टची पहिल्या बायकोची मुलगी मेरी ती ऐकायची. 1842 ला मोल्टकेनं ह्याच मेरीशी लग्न केलं. तो 41 चा, ती 16 ची. आज वाचताना हे खटकतं, मलाही खटकतं, आणि ते तसंच सांगायला हवं. पण दोघांची पत्रं वाचली की संसार मनापासूनचा होता हेही दिसतं, तो दौऱ्यावर असला की तिला सविस्तर लिहायचा, कुठे काय पाहिलं, कोण भेटलं, इंग्लंड, रशिया, सगळीकडून. मूल झालं नाही. 1868 च्या नाताळच्या आदल्या दिवशी मेरी वारली, बेचाळीस वर्षांची. त्यानं सायलेशियातल्या आपल्या क्रायझाऊ जहागिरीत टेकडीवर तिच्यासाठी छोटं समाधी-चॅपेल बांधलं आणि तिथे असला की तिकडे जायचाच. नंतर विधवा झालेल्या बहिणीनं, ऑगुस्टेनं, त्याचं घर सांभाळलं.

रुळावरची_गाडी:

माझा मुद्दा रेल्वेचा, कारण "वर कसा चढला" ह्याचं निम्मं उत्तर तिथे आहे आणि ते पैशाशीच जोडलेलं आहे, नकाशाभाऊंनी म्हटलंय तसं. तुर्कस्तानहून परतल्यावर त्यानं साठवलेले पैसे बर्लिन-हाम्बुर्ग रेल्वेत घातले आणि कंपनीच्या संचालक मंडळावरही बसला. 1843 ला रेल्वेमार्ग कुठून न्यावेत ह्यावर लेख लिहिला, त्यात चढ, वळणं, खर्च ह्याचा हिशोब. म्हणजे बाकीचे सेनापती आगगाडीकडे नवलाची वस्तू म्हणून बघत होते तेव्हा हा तिच्या वेळापत्रकाचा विचार करत होता.

1857 ला तो जनरल स्टाफचा प्रमुख झाला, पण तेव्हा ते पद आजच्यासारखं वजनदार नव्हतं हं, युद्धमंत्रालयाच्या हाताखालचं ऑफिस होतं, राजाशी थेट बोलायचाही हक्क नाही. 1864 च्या डेन्मार्क युद्धात सुरुवातीला हा बर्लिनलाच बसून, आघाडीवर म्हातारा सेनापती व्रांगेल मनाला येईल तसं चालवतोय. वसंतात ह्याला आघाडीवर चीफ ऑफ स्टाफ म्हणून पाठवलं, जूनअखेर डेन्मार्ककडून आल्स बेट घेतलं, आणि तिथून राजा विल्हेल्मचा विश्वास बसला. 2 जून 1866 च्या आदेशानं त्याला सैन्याला थेट हुकूम द्यायचा अधिकार मिळाला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची तारीख ही, केनिग्ग्रेट्झची निर्णायक लढाईसुद्धा नंतर.

मग ऑस्ट्रियाविरुद्ध पाच रेल्वेमार्गांवरून सैन्य सीमेवर आणलं, ऑस्ट्रियाकडे त्या बाजूला एकच मार्ग. तीन सैन्यं वेगवेगळ्या वाटांनी बोहेमियात घुसवली, बरेच जुने जनरल म्हणत होते हा वेडेपणा आहे, तुकडेतुकडे करून मारतील, पण 3 जुलैला केनिग्ग्रेट्झला दुपारपर्यंत प्रशियाच्या युवराजाचं सैन्य बाजूनं येऊन पोचलं आणि निकाल लागला. ह्यात नशिबाचाही भाग होता, युवराज अजून उशिरा आला असता तर आपण आज वेगळं काही वाचत असतो. आणि एक गोष्ट, त्या दिवशी हुकूम पोचल्यावर एका डिव्हिजनच्या जनरलनं "हे ठीक आहे, पण हा जनरल मोल्टके कोण?" असं विचारल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. तुमच्या "नाव माहीत नव्हतं" ह्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं बघा.

वाचनवेडी:

वा, रेल्वे कंपनीचं मला अजिबातच माहीत नव्हतं, सगळ्यांना खूप धन्यवाद. पण 1864 ला घरात काय वाटलं असेल हो? भाऊ वगैरे डेन्मार्कच्या बाजूला होते ना? आणि बाकीच्या मोल्टकेंचं राहिलंच.

जुना_नकाशा:

होल्स्टाइनच्या घरांत ही गोष्ट तशी सरळ दोन बाजूंची नव्हती. तिथले जर्मन बोलणारे लोक डॅनिश राजाच्या नोकरीत असायचे आणि तरी स्वतःला जर्मन समजायचे. भाऊ अडोल्फ डॅनिश राजाच्या सरकारी सेवेत होता. 1848 पासून श्लेस्विग-होल्स्टाइनवरून भांडण पेटलं तेव्हापासून असल्या प्रत्येक घरात हा ताण होता, सोळा वर्षांनी सैन्य सीमेवर आलं तेव्हा तो नवीन राहिला नव्हता. मोल्टकेनं लहानपणी ज्या डॅनिश राजाचा पेज (दरबारातला सेवक मुलगा) म्हणून काम केलं त्याच राजघराण्याच्या देशावर त्याला चाल करून जायचं होतं, पण त्याच्या लिखाणात ह्याबद्दल फार भावनिक काही नाही, तो एकंदरीतच कमी बोलायचा. सात भाषांत गप्प बसतो असं त्याच्याबद्दल म्हणायचे.

आता बाकीचे. 1866 नंतर राजानं बक्षीस म्हणून दोन लाख थालर (तेव्हाचं जर्मन नाणं) दिले, त्यातून त्यानं सायलेशियात क्रायझाऊची जहागीर घेतली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची जमीन, सदुसष्टाव्या वर्षाच्या आसपास! 1870 ला काउंट, 1871 ला फील्ड मार्शल. मूल नसल्यामुळे सगळं पुतण्यांकडे गेलं, अडोल्फच्या मुलांकडे. थोरला विल्हेल्म, त्याला काउंटपद आणि क्रायझाऊ. धाकटा हेल्मुट, जन्म 1848 चा, 1882 पासून काकाचा अ‍ॅडज्युटंट (लष्करी मदतनीस), आणि तोच 1906 ला सेनाप्रमुख झाला, फ्रान्समधल्या मार्नच्या लढाईनंतर सप्टेंबर 1914 मध्ये त्याला बाजूला केलं. काकाच्या नावाचं ओझं त्याच्यावर शेवटपर्यंत होतं असं माझं स्पष्ट मत आहे, स्वतःलाही तो त्या पदासाठी फारसा योग्य समजत नव्हता.

फाशी दिलेला हेल्मुट जेम्स, जन्म 1907 चा, हा थोरल्या पुतण्या विल्हेल्मचा नातू. आई दक्षिण आफ्रिकेची, तिचे वडील तिथले सरन्यायाधीश. तो वकील, युद्धकाळात सैन्याच्या गुप्तवार्ता खात्यात आंतरराष्ट्रीय कायद्याचं काम करत होता आणि कैदी, ओलीस वाचवायला धडपडत होता. हिटलरनंतरचा जर्मनी कसा असावा ह्यावर त्यानं मित्रांना जमवून क्रायझाऊला बैठका घेतल्या, म्हणून क्रायझाऊ मंडळ. 23 जानेवारी 1945 ला प्लोत्झेनझेच्या तुरुंगात फाशी. फील्ड मार्शलला बक्षीस मिळालेल्या जागेवर हे घडलं हे माझ्या डोक्यातून जात नाही.

डॅनिश पंतप्रधान अडाम विल्हेल्म मोल्टके, 1848 ला पंतप्रधान झालेला, तो त्याच जुन्या घराण्याच्या डॅनिश शाखेतला, फील्ड मार्शलचा जवळचा नातेवाईक नाही.

पत्रप्रेमी:

एकच भर. 1889 च्या ऑक्टोबरमध्ये एडिसनचा माणूस फोनोग्राफ घेऊन क्रायझाऊला गेला होता आणि म्हाताऱ्या मोल्टकेनं त्यात गोएथे आणि शेक्सपियरच्या ओळी म्हटल्या. ते सिलिंडर टिकलेत, 2012 ला आवाज कुणाचा ते नक्की झालं. 1800 साली जन्मलेल्या माणसाचा आवाज आज ऐकता येतो, इतक्या आधी जन्मलेल्या दुसऱ्या कुणाचा नाही. नेटवर आहे, खरखर खूप आहे, हेडफोन लावून ऐका.

रुळावरची_गाडी:

आणि ते ऐकलंत की 14 मे 1890 चं राइशटागमधलं, म्हणजे जर्मन संसदेतलं, त्याचं भाषणही शोधा. नव्वदीला टेकलेला माणूस सांगतोय की पुढचं युद्ध सात वर्षांचं होऊ शकतं, तीस वर्षांचंही, आणि युरोप पेटवणाऱ्याचं काही खरं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये तो बर्लिनला वारला. पुतण्या तेव्हा त्याच्या जवळच काम करत होता, त्यानं ते भाषण नक्कीच वाचलं असणार.