ब्रिटिश दूरचित्रवाणी नाट्यात चार-सहा भागांत एवढे बळ कोठून येते?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. आमची अमळनेरची हौशी नाट्यमंडळी दर वर्षी एकांकिका बसवते, आणि तालमी नसतात त्या महिन्यांत रविवारी संध्याकाळी एकत्र बसून चांगले काही पाहण्याचा आमचा परिपाठ आहे. नुकतीच आम्ही ‘अ‍ॅडॉलेसन्स’ ही चार भागांची ब्रिटिश मालिका पाहून संपवली. तेरा वर्षांच्या मुलावर शाळेतल्या मुलीच्या खुनाचा आरोप येतो, एवढेच तिचे कथानक आहे, आणि खून कोणी केला हे पहिला भाग संपतानाच कळते. तरीही पुढच्या तीन भागांत आमच्यापैकी कोणी जागचे हलले नाही.

त्यावरून आमच्यात जी चर्चा झाली ती अपुरी राहिली, म्हणून ती येथे मांडतो. इतक्या थोडक्यात कथा संपवण्याचे धैर्य या लोकांत आले कोठून, आणि याचे श्रेय लेखकाला द्यावे की दिग्दर्शकाला? तिसरा प्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा आहे. आमच्या संहितांतली माणसे प्रत्यक्षात घरी-शेतात अहिराणी बोलतात, पण स्पर्धेसाठी लिहिताना आम्ही त्यांच्या तोंडी प्रमाण मराठी घालतो. इंग्लंडात प्रादेशिक बोलीचा हा प्रश्न कसा सुटला, हे जाणकारांनी सांगावे. पुढील काही रविवारी काय पाहावे, हेही सुचवावे.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

बोरीकाठभाऊ, प्रश्न फार चांगला विचारलात. थोडक्यात संपवण्याची ही रीत रंगभूमीकडून आली, असे माझे मत आहे. सुरुवातीच्या काळात ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ‘मालिका’ जितकी होती तितकेच ‘नाटक’ही होते, म्हणजे एका रात्री सुरू होऊन त्याच रात्री संपणारी, एका लेखकाची एक स्वतंत्र कृती. बीबीसीने १९६४ मध्ये ‘द वेन्सडे प्ले’ हा उपक्रम सुरू केला आणि १९७० पासून १९८४ पर्यंत तोच ‘प्ले फॉर टुडे’ या नावाने चालला. त्यामागे सिडनी न्यूमन हा कॅनडाहून आलेला निर्माता होता. प्रेक्षकाला त्याच्या स्वतःच्या काळाचे, त्याच्या स्वतःच्या गल्लीचे नाटक दाखवायचे, हा त्याचा आग्रह होता. नाव होऊ लागलेल्या नाटककारांना आणि तिशीच्या आतबाहेरच्या दिग्दर्शकांना तेथे मोकळीक मिळाली, आणि केन लोच, माइक ली, स्टीफन फ्रिअर्स ही पुढे चित्रपटांत गाजलेली मंडळी दूरचित्रवाणीवरच्या या नाटकांतच घडली.

या उपक्रमातले एकच नाटक पाहायचे असेल तर ‘कॅथी कम होम’ पाहा. लेखक जेरेमी सँडफर्ड, निर्माता टोनी गार्नेट, दिग्दर्शक केन लोच, प्रक्षेपण १६ नोव्हेंबर १९६६. एका तरुण जोडप्याचे घर जाते, मग निवारा जातो, मग संसार मोडतो आणि शेवटी रेल्वे स्थानकावर सरकारी माणसे आईच्या हातातून मुले ओढून नेतात. लोच यांनी नाटकाचा मोठा भाग स्टुडिओत न करता हातातल्या १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने रस्त्यावर आणि खऱ्या वस्त्यांत चित्रित केला. मधून मधून घरासाठी वणवणणाऱ्या लोकांचे आवाज आणि आकडे ऐकू येतात, त्यामुळे आपण नाटक पाहतो आहोत की बातमीपट, हे क्षणभर कळत नाही. सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी ते त्या रात्री पाहिले, असे सांगितले जाते. ‘शेल्टर’ ही बेघरांसाठीची संस्था १ डिसेंबर १९६६ रोजी सुरू झाली. तिची तयारी आधीपासून चालू होती, हे लक्षात ठेवून बोलले पाहिजे, पण लोकमत तिच्या बाजूने वळण्यात या नाटकाचा वाटा मोठा होता.

आता बोलीविषयी. १९७१ मध्ये बीबीसीने बर्मिंगहॅमच्या पेबल मिल येथे लंडनबाहेरच्या नाटकांसाठी वेगळा विभाग उघडला आणि तो डेव्हिड रोझ यांच्याकडे सोपवला. त्यांनी प्रांताप्रांतातले लेखक हुडकून काढले. ॲलन ब्लीझडेल यांची ‘बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ’ ही १९८२ ची पाच भागांची मालिका याच विभागाची. लिव्हरपूलमध्ये डांबर टाकणारे पाच कामगार बेकार होतात आणि प्रत्येक जण आपापल्या परीने खचतो, ही तिची कथा. बर्नार्ड हिल यांनी रंगवलेला योसर ह्यूज ज्याच्या त्याच्या कामाकडे बोट दाखवून ‘मला काम दे, मी करू शकतो’ असे म्हणत हिंडतो. ते वाक्य तो अस्सल लिव्हरपुली उच्चारात म्हणतो, आणि बेकारीच्या त्या दिवसांत ते सगळ्या देशाच्या तोंडी बसले. ती बोली कोणी ‘शुद्ध’ केली असती, तर योसर लिव्हरपूलचा राहिला नसता आणि देशाचाही झाला नसता.

पांझरा (धुळे)

गिरणाकाठ सरांनी परंपरा उत्तम मांडली आहे, परंतु त्यांच्या मांडणीत लेखकाचे पारडे जरा अधिक जड झाले, असे मला वाटते. मी अभिनय करणारा माणूस आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

‘अ‍ॅडॉलेसन्स’चा प्रत्येक भाग एका सलग चित्रणात, मध्ये एकही काप न घेता केलेला आहे, हे आपण पाहिलेच असेल. दिग्दर्शक फिलिप बॅरेंटिनी यांनी प्रत्येक भागाला तीन आठवडे दिले: पहिला आठवडा नटांच्या तालमीचा, दुसरा कॅमेऱ्यासह सगळ्या तांत्रिक चमूच्या तालमीचा, आणि तिसऱ्या आठवड्यात प्रत्यक्ष चित्रीकरण, रोज साधारण दोन वेळा संपूर्ण भाग. ही पद्धत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही, कारण आपणही एकांकिका अशीच बसवतो. ब्रिटिश दूरचित्रवाणीलाही ती नवी नाही. १९५० च्या दशकात तेथील नाटके थेट प्रक्षेपित होत असत. ३० नोव्हेंबर १९५८ रोजी ‘अंडरग्राउंड’ हे नाटक चालू असताना गॅरेथ जोन्स हा नट दोन प्रवेशांच्या मध्ये मरण पावला आणि बाकीच्या नटांनी त्याचे संवाद आपसात सावरून घेत प्रयोग शेवटाला नेला. दिग्दर्शक टेड कॉचेफ यांच्यावर त्या रात्री काय गुजरली असेल, याची कल्पना विंगेत उभा राहिलेला कोणताही माणूस करू शकेल.

आपल्या मंडळींनी ‘अ‍ॅडॉलेसन्स’चा तिसरा भाग पुन्हा पाहावा, अशी माझी विनंती आहे. एक खोली, एक टेबल, मानसतज्ज्ञ स्त्रीच्या भूमिकेतील एरिन डोहर्टी आणि समोर ओवेन कूपर हा मुलगा, ज्याने त्यापूर्वी कॅमेऱ्यासमोर कधीच काम केले नव्हते. ती त्याला अर्धे सँडविच देते. तो ते खातो की बाजूला सारतो, तिच्याकडे पाहून खातो की नजर चुकवून, यावर खोलीतली सत्ता कोणाकडे आहे हे ठरत जाते. मुलाला बाहेर नेल्यानंतर ती एकटी त्या उरलेल्या तुकड्याकडे वळते, तेव्हा एक शब्दही न बोलता तिच्या मनातली शिसारी आपल्यापर्यंत पोचते. मध्येच कूपरला खरोखर जांभई आली आणि डोहर्टी यांनी भूमिका न सोडता ‘मी तुला कंटाळा आणते आहे का?’ असे विचारले. ते तसेच ठेवले गेले. भरपूर तालीम झालेली असते, म्हणूनच असा अनपेक्षित क्षण नटाला झेलता येतो. स्टीफन ग्रॅहम यांनी जॅक थॉर्न यांच्यासह ही मालिका लिहिली आणि त्यात बापाची भूमिकाही केली, म्हणजे लेखक मोठा की नट मोठा हा वाद तेथे एका माणसातच मिटलेला आहे.

आणखी एक नाव सुचवतो. ॲलन क्लार्क हे दिग्दर्शक १९९० मध्ये वारले, पण नंतरच्या पिढीवर त्यांची छाप फार खोल आहे. जिम कार्टराइट यांचे ‘रोड’ हे रंगमंचावरचे नाटक त्यांनी १९८७ मध्ये दूरचित्रवाणीसाठी केले. लेस्ली शार्प ओसाड वस्तीच्या रस्त्याने चालत आपले लांबलचक स्वगत बोलत राहते आणि कॅमेरा तिच्या सोबत चालत राहतो. स्वगत कॅमेऱ्यासमोर चालत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी हे पाहावेच.

तापीकाठ (भुसावळ)

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे माझ्या काळजाला भिडलेली कृती वेगळी आहे: ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’. आयटीव्ही वाहिनीने ती १ ते ४ जानेवारी २०२४ अशी लागोपाठ चार रात्री दाखवली. लेखिका ग्विनेथ ह्यूज, दिग्दर्शक जेम्स स्ट्राँग, बेट्स या टपाल-दुकानदाराच्या मुख्य भूमिकेत टोबी जोन्स.

इंग्लंडातील खेड्यापाड्यांतली टपाल कार्यालये बहुधा दुकानदारच कराराने चालवतात. १९९९ पासून त्यांच्याकडे ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली आली आणि ती हिशेबात नसलेली तूट दाखवू लागली. करारानुसार तूट त्या दुकानदाराने भरायची. भरता आली नाही तर खटला. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जण दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. मोनिका डोलन यांनी साकारलेल्या जो हॅमिल्टन या दुकानदार बाईंचा एक प्रसंग मी विसरू शकत नाही. दुकान बंद करून त्या बाई हिशेबाला बसतात, तूट दिसते, मदत केंद्राला फोन लावतात, पलीकडचा माणूस सांगेल ती कळ दाबतात आणि डोळ्यांसमोर तुटीचा आकडा दुप्पट होतो. ज्याने संध्याकाळी रोकड आणि तिकिटे मोजून शिल्लक जुळवली आहे, त्याला त्या बाईच्या चेहऱ्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

विशेष हे की ही बातमी दडलेली नव्हती. वृत्तपत्रांत येत होती, २०१९ मध्ये न्यायालयाने बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बाजूने निकालही दिला होता. पण लोकांचा संताप उसळला तो या चार रात्रींनंतर, आणि मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून शेकडो जणांच्या शिक्षा एकदम रद्द केल्या. ‘कॅथी’पासूनचा धागा येथपर्यंत येतो, असे मला वाटते. मधला दुवा म्हणून जिमी मॅकगव्हर्न यांचे १९९६ चे ‘हिल्सबरो’ पाहावे. फुटबॉलच्या मैदानावरील चेंगराचेंगरीत ज्यांची मुले गेली, त्या कुटुंबांची बाजू त्यात आहे.

सातपुडा (नंदुरबार)

सर्वांचे वाचून आनंद झाला. एक नाव राहिले: ग्रॅनडा कंपनीची १९८४ ची ‘द ज्युएल इन द क्राउन’. पॉल स्कॉट यांच्या चार कादंबऱ्यांवरची ही चौदा भागांची मालिका ख्रिस्तोफर मोराहन आणि जिम ओब्रायन यांनी दिग्दर्शित केली. कथा ऑगस्ट १९४२ मध्ये मयापूर या काल्पनिक गावात सुरू होते. ज्या गावात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे बालमित्र पोलिसांच्या गोळ्यांनी पडले, त्या गावातला माणूस ही मालिका तटस्थपणे पाहू शकत नाही. टिम पिगॉट-स्मिथ यांनी रंगवलेला पोलीस अधिकारी मेरिक मला फार अस्वस्थ करून गेला, कारण त्याची क्रूरता आरडाओरड्याची नाही. तो आपले काम नेटके करणारा माणूस आहे. पेगी ॲशक्रॉफ्ट यांनी केलेली वृद्ध मिशनरी बाईही तितकीच थोर.

परंतु माझा एक आक्षेप आहे. आर्ट मलिक यांनी साकारलेला हरी कुमार हा या कथेचा प्राण असताना पुढच्या भागांत तो जवळजवळ दिसेनासा होतो आणि मालिका इंग्रज कुटुंबांच्या दिवाणखान्यांत रमते. इंग्रजांनी स्वतःच्या अपराधाकडे पाहिले हे खरे, पण ज्याच्यावर अपराध झाला त्याच्या घरात ते फार वेळ थांबले नाहीत.

जाता जाता, लखनऊत जन्मलेले वारिस हुसेन हे १९६३ मध्ये ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेच्या पहिल्याच कथेचे दिग्दर्शक होते, आणि १९७८ ची ‘एडवर्ड अँड मिसेस सिम्प्सन’ही त्यांचीच. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही, म्हणून लिहिले.

बोरीकाठ (अमळनेर)

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तापीकाठ आबांचा मजकूर आमच्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवला. गिरणाकाठ सर, बोलीबद्दल एक शंका उरते. पात्रे बोलीत बोलली तर बाहेरच्या प्रेक्षकाला अर्धे कळणार नाही, असे आमच्यातील ज्येष्ठांचे म्हणणे आहे. यावर त्या लेखकांनी काय केले?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

त्यासाठी सॅली वेनराइट यांच्या ‘हॅपी व्हॅली’चा पहिला भाग लावा. त्या स्वतः यॉर्कशरच्या कॅल्डर खोऱ्यात वाढल्या आणि मालिका तेथेच घडते. अगदी आरंभी एक तरुण मुलगा स्वतःला पेटवून घेण्याच्या बेतात आहे आणि सारा लँकेशर यांनी केलेली पोलीस सार्जंट कॅथरीन त्याच्यापासून काही पावलांवर उभी राहून त्याच्याशी बोलते. आपले वय सत्तेचाळीस, घटस्फोट झालेला, व्यसनातून सावरणारी बहीण घरात, दोन मुलांपैकी एक मेलेले आणि दुसरे आपल्याशी बोलत नाही, एक नातू, हे सगळे ती बाजारभाव सांगावा तशा सपाट सुरात, आपल्या खोऱ्याच्या बोलीत सांगून टाकते. उच्चार अनोळखी असला तरी एकही गोष्ट निसटत नाही, कारण वाक्ये आखूड आहेत आणि ती कोणत्या संकटात बोलली जात आहेत हे समोर दिसते आहे. ज्येष्ठांना सांगा की संहितेत प्रसंग आधी इतका स्पष्ट करा, मग त्यातल्या माणसांना अहिराणी बोलू द्या. पहिला प्रवेश तसा लिहून झाला की येथे टाका. पांझराभाऊ आणि मी तो वाचून सविस्तर लिहू.

पांझरा (धुळे)

जरूर. शक्य झाल्यास तालमीलाही येईन. धुळ्याहून अमळनेर काही लांब नाही.