तीन हॉटेलांची संगणक-सुरक्षा क्लाउडवर न्यावी का? व्यवसायाला त्याचा नेमका लाभ कोणता?

कांदोळीचा हॉटेलचालक

नमस्कार. कांदोळी, म्हापसा आणि पाळोळे येथे आमची तीन लहान हॉटेले आहेत. सर्व्हर कांदोळीच्या स्वागतकक्षामागच्या खोलीत आहे आणि तिन्ही ठिकाणी स्वतंत्र फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवरून येणारी-जाणारी वाहतूक गाळणारे यंत्र, बसवलेली आहे. या तिन्हींच्या परवान्यांचे नूतनीकरण सप्टेंबरात आहे. विदेशी पाहुण्यांची माहिती २४ तासांच्या आत सरकारला कळवावी लागत असल्याने पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती वर्षानुवर्षे त्याच सर्व्हरवर साठत गेल्या आहेत. ओळखीचे एक विक्रेते सगळी सुरक्षा क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या पुरवठादाराच्या यंत्रणेवर, न्यायला सुचवतात. माझे थोरले बंधू मात्र विचारतात, की दरमहा पैसे मोजून धंद्याच्या पदरात काय पडणार? गेल्या आठवड्यात साफसफाई करताना स्वागतकक्षातला कीबोर्ड उचलला, तर त्याच्या तळाशी चिकटपट्टीने लावलेली चिठ्ठी सापडली. सीझनभर सर्वांनी वापरलेला एकच पासवर्ड तिच्यावर लिहिलेला होता आणि तो लिहिणारा मुलगा मार्चमध्येच काम सोडून गेला आहे. तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

फोंड्याचा नेटवर्क सल्लागार

ती चिठ्ठी हाच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. तुमची सध्याची रचना इमारतीभोवती कुंपण घालते. कुंपणाच्या आत आलेल्या माणसाला मात्र ती काहीच विचारत नाही. क्लाउडवरील रचनेत प्रत्येक वेळी हे कोण आहे, कोणत्या यंत्रावरून आले आहे आणि याला ही फाइल पाहण्याची मुभा आहे का, याची पडताळणी करता येते. अमेरिकेच्या निस्ट या तांत्रिक मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०२० साली ज्याची रीतसर मांडणी केली, ते झीरो ट्रस्ट तत्त्व हेच. ऑक्टोबरात येऊन मार्चमध्ये जाणाऱ्या माणसांवर ज्याचा धंदा चालतो, त्याला याचा लाभ इतर कोणाहीपेक्षा अधिक होतो, कारण प्रत्येकाला स्वतःचे खाते देता येते, त्या खात्याची अंतिम तारीख पहिल्याच दिवशी घालता येते आणि कोणी मध्येच काम सोडले, तर तिन्ही हॉटेलांतला त्याचा प्रवेश एकाच जागेवरून त्याच क्षणी बंद करता येतो. आज पाळोळ्याची फायरवॉल बदलायची म्हटली, तर बहुधा कोणालातरी गाडी काढावी लागत असेल.

दुसरा लाभ अद्ययावततेचा. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील त्रुटीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये दिलेली असूनही १२ मे रोजी वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा विषाणू पसरला तेव्हा ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांपर्यंत तो पोहोचला, कारण असंख्य यंत्रांवर ती दुरुस्ती चढवलीच गेली नव्हती. सेवा क्लाउडवर असेल, तर तिच्या स्वतःच्या दुरुस्त्या पुरवठादार करतो. तुमच्या टेबलावरचे संगणक मात्र तुम्हालाच अद्ययावत ठेवावे लागतात.

तिसरी गोष्ट नोंदींची. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि प्रणालींचे लॉग, म्हणजे कोणी केव्हा काय केले याच्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात. हल्लेखोर सर्व्हरमध्ये शिरला, की पुष्कळदा तिथले लॉगच आधी पुसतो. तेच लॉग बाहेर, वेगळ्या खात्यात जमा होत असतील, तर काय घडले हे निदान सांगता तरी येते. पासपोर्टच्या प्रती सांभाळणाऱ्याने हे हलक्यावर घेऊ नये. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. तुमच्यासारख्यांना एवढा दंड होईल असे मी म्हणत नाही, पण जबाबदारी तुमचीच आहे.

मडगावची लेखापाल

पैशांचा हिशेब मांडते. सर्व्हर आणि फायरवॉल या भांडवली वस्तू ठरतात; आयकरात संगणकांवर ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे खर्च अनेक वर्षांत पसरतो. क्लाउडची वर्गणी त्याच वर्षाच्या खर्चात पूर्ण धरली जाते. एक गोष्ट विक्रेते सहसा बोलत नाहीत. खोलीचे दैनिक भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी लागतो, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. म्हणून वर्गणीवरचा १८ टक्के कर हा तुमचा निव्वळ खर्च समजा. सर्व्हर घेतला, तरी हाच नियम लागू होईल. वर्गणी वापरकर्त्यांच्या संख्येवर असेल, तर पावसाळ्यात ती संख्या कमी करण्याची मुभा करारात लिहून घ्या. वर्षभराचे पैसे आगाऊ भरून ती मुभा गमावलेली माणसे मी पाहिली आहेत.

वेर्ण्याचा देखभाल अभियंता

लाभ मला मान्य आहेत, पण दोन गोष्टींची जाणीव ठेवा. पुरवठादार आपल्या यंत्रणेची सुरक्षा पाहतो, तुम्ही केलेल्या मांडणीची, म्हणजे सेटिंग्जची, नाही. २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेची क्लाउडवरील १० कोटींहून अधिक लोकांची माहिती बाहेर गेली, ती फायरवॉलच्या चुकीच्या मांडणीमुळे. आणि १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, तेव्हा विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या घ्या आणि त्या दिवसाच्या आरक्षणांची छापील यादी रोज सकाळी काउंटरवर ठेवा.

कांदोळीचा हॉटेलचालक

देव बरे करो. आज बंधूंसोबत बसून चालू खाती मोजली. कामावर १९ माणसे आहेत आणि खाती ४७ निघाली. अनोळखी सर्व खाती आम्ही लगेच बंद केली. सर्वांत जुन्या फायरवॉलचा परवाना नव्याने न घेता पाळोळ्यापासून सुरुवात करावी, असे बंधूच म्हणाले. जुन्या पासपोर्ट-प्रतींपैकी कोणत्या ठेवायच्या आणि कोणत्या पुसायच्या, हे स्थलांतराच्या आधी ठरवावे की नंतर?

फोंड्याचा नेटवर्क सल्लागार

आधीच. जे ठेवायचे नाही, ते नव्या जागी नेऊच नका.