भाच्याची गायनाची प्रवेश परीक्षा: भजनातून ख्यालाकडे जाताना काय बदलावं?

अर्जुनी_परिसर
नमस्कार मंडळी. आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात. भाचा यंदा बारावी झाला, गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण ही गायनाची परीक्षा झालेली आहे. गावच्या भजनी मंडळात पुढचा आवाज त्याचाच. आता गायन घेऊन पदवी करतो म्हणतो. खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचा विचार आहे, नाहीतर नागपूर. गाऊन दाखवायची तयारी करायची तर हाती अडीच महिने आहेत. घरी पेटी आहे, तानपुरा नाही. पांढरी पाचमध्ये गातो, म्हणजे पेटीचा पाचवा पांढरा स्वर सा धरून. मोठे ख्याल (संथ लयीत विस्ताराने गायच्या बंदिशी) दोनच येतात, यमन आणि मालकंस. काय घोटावं, काय सोडावं? आणि गांधर्वचीच पुढची विशारद परीक्षा केली की पदवी लागतेच का?

खर्ज_भंडारा
भाऊ, रागाचं नंतर पाहू, आधी पट्टी, म्हणजे सा धरायचा स्वर, बदला. पांढरी पाच ही भजनी मंडळाची पट्टी आहे. टाळ, मृदंग आणि दहा-बारा गळ्यांवरून आवाज गेला पाहिजे म्हणून ती चढी ठेवतात. एकट्याने ख्याल गाताना त्या पट्टीत मुलग्याचा तार षड्ज (वरचा सा) ताणून लागतो आणि मंद्रातला (खालच्या सप्तकातला) आवाज वापरातच येत नाही. परीक्षकाला दोन मिनिटांत कळतं की पोरगा गळा आवळून गातो आहे.

स्वतःची पट्टी काढायची रीत सोपी आहे. सकाळी, न ओरडता, मंद्र पंचमापासून तार मध्यमापर्यंत आकारात जायचं. दोन्ही टोकं मोकळी लागतील ती पट्टी त्याची. पुरुष आवाज बहुतेक पांढरी एक ते काळी दोन यांत बसतो. काळी एकवर लावून पाहा. पहिले पंधरा दिवस आवाज खाली पडल्यासारखा, फिका वाटेल. जोराची सवय सुटत असते, म्हणून तसं होतं. तेवढ्यावरून पट्टी परत चढवू नका.

दुसरं, पेटीवर स्वर लावणं थांबवा. पेटीचे बारा स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार पेटीच्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट उतरा असतो (100 सेंट म्हणजे पेटीवर काळे-पांढरे मिळून लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर). धैवत साधारण 16 सेंट उतरा, निषाद 12. पंचमात फरक जवळपास नाही. पेटीला चिकटून वाढलेल्या गळ्याचा यमनातला गंधार तानपुऱ्यावर चढा ऐकू येतो, तो यामुळे.

मोबाइलवरचं तानपुऱ्याचं ॲप चालेल, पण मोबाइलच्या स्पीकरमधून खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, तार ऐकू येत नाही. वायरचा साधा स्पीकर जोडा. लाइन जाते, म्हणून चार्ज करून ठेवा. रियाजाच्या वेळी कूलर बंद हवा. त्याच्या घरघरीलाही एक स्वर असतो आणि कान नकळत त्याच्याकडे ओढला जातो. एवढ्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवायचा तर पहाटे साडेचार-पाचलाच बसावं लागेल.

रोज चाळीस मिनिटं फक्त खर्ज आणि एकेक स्वर लांब धरणं. गंधार लावायचा, तानपुऱ्याशी त्याची थरथर ऐकायची, ती थांबेपर्यंत हळूहळू उतरवायचा. थांबली की तिथेच दोन श्वास धरायचा.

ठेका_अमरावती
वरच्या उत्तरात लयीचं राहिलं. खंजिरी भजनात कडवं संपता संपता लय चढते, आणि तिथे ती चढलीच पाहिजे, सामुदायिक भजनाचा जीवच त्यात आहे. ख्यालाच्या परीक्षेत मात्र तोच दोष धरतात.

उपाय: मेट्रोनोम मिनिटाला 80 वर लावा, हाताने तीनताल धरून बोल म्हणा. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. मग मेट्रोनोमचा आवाज बंद करून दोन आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) तशीच म्हणायची आणि पुन्हा सुरू करून पाहायचं. आधी पुढे पळालेला असेल. महिनाभरात तो फरक जातो. नंतर हेच एकतालात आणि झपतालात करा, कारण हाताने ताल देऊन दुगुन (दुप्पट वेगात) म्हणायला लावणं ही परीक्षकांची नेहमीची गोष्ट.

ताना मोजून बसवा. तीनतालात बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचा, परत परत येणारा तुकडा) नवव्या मात्रेवरून उठत असेल, तर समेवरून (पहिल्या मात्रेवरून) सुरू केलेली 16 स्वरांची तान दुगुनीत बरोबर आठ मात्रांत संपते. चौपटीत तेवढ्याच जागेला 32 स्वर लागतात. अशा सहा ताना पक्क्या असल्या तरी पुरे. वीस कच्च्या ताना घेऊन मुखडा चुकला की सगळं वाया.

गोंदिया_लाइन
विशारदबद्दल थोडक्यात. प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षा, आणि अभ्यास म्हणून तो फार चांगला. पण ती विद्यापीठाची पदवी नव्हे. पुढे महाविद्यालयात शिकवायचं तर एमए आणि नेट किंवा सेट लागते, आणि एमएच्या आधी पदवी. पदवी घ्या, विशारदही सोडू नका.

बीएमध्ये संगीत हा इतर विषयांसोबतचा एक विषय असतो. सादरीकरणाच्या पदवीत दिवसभर तेच. पोराला गायचंच असेल तर दुसरी. खैरागड 1956 पासूनचं आहे, तुमच्याकडून गोंदिया आणि तिथून हावडा लाइनने डोंगरगड किंवा राजनांदगाव, पुढे सडक. शिकवणं हिंदीतून, त्यामुळे भातखंडेंच्या दहा थाटांची (रागांच्या मूळ स्वरसमूहांची) व्याख्या, रागाचे वादी-संवादी (मुख्य आणि दुय्यम स्वर), समय हे हिंदीतूनही बोलता आलं पाहिजे.

अर्जुनी_परिसर
आभारी आहे सर्वांचा. एकच विचारतो. त्याचा हट्ट मालकंसाचा आहे. यमन घ्यावा की मालकंस?

खर्ज_भंडारा
यमन. मालकंसात पंचम वर्ज्य, लावतच नाहीत, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात लावावी लागते. तिथे ऐनवेळी पंचमाचा तानपुरा मिळाला तर पोरगा सुरुवातीलाच गोंधळेल. शिवाय ग, ध, नि तिन्ही कोमल, आणि पेटीवर वाढलेल्या कानाला त्यांची नेमकी जागा अडीच महिन्यांत सापडणं कठीण. पुढे गुरूसमोर बसून तो राग जरूर करावा, त्याची आवड खरी आहे.

यमनात एक सवय मोडा: सा रे ग म असं सरळ चढणं. आरोहात षड्ज-पंचम टाळून मंद्र निषादावरून रे, ग आणि तीव्र मध्यमावरून ध, नि असं जायचं. गंधारावर थांबायचं, निषादावर थांबायचं. दहा मिनिटांची मांडणी अशी बसवा: आलाप एक मिनिट, विलंबित एकताल पाच, उरलेल्यात द्रुत तीनताल. बऱ्याचदा चौथ्या-पाचव्या मिनिटालाच थांबवतात, तेव्हा सगळ्यात पक्की जागा शेवटासाठी राखून ठेवू नका, पहिल्या दोन आवर्तनांत येऊ द्या. दुसरा राग विचारला तर दिवसाचा वृंदावनी सारंग, फक्त छोटा ख्याल.

तबलजी सोबत न्यायचा असेल तर त्याला काळी एकचा तबला आणायला आधीच सांगा. जून-जुलैच्या दमट हवेत पुडी (तबल्याचं कातडं) उतरते, तेव्हा गायला बसण्याआधी तिथल्या तिथे पुन्हा मिळवून घ्यावा लागेल. हातोडी त्याच्याच पिशवीत असू द्या.