जपानी निळीतला 'कामेनोझोकी' कोणता निळा?

प्रश्न : जपानी निळीबद्दल वाचताना 'कामेनोझोकी' हे रंगाचं नाव आलं. मराठीत 'आकाशी' म्हटलं तर चालेल? आणि 'आइझोमे'ला काय म्हणावं?

उत्तर : 'आकाशी' नको, तो बराच गडद होतो. 'कामे' म्हणजे रांजण, 'नोझोकी' म्हणजे डोकावणं. कापड निळीच्या रांजणात नुसतं डोकावून आलं की जी जेमतेम निळाई चढते, ती ही. बुचकळ्या वाढत जातात तशी नावं बदलतात : आसागी, हानादा, आइ, कोन आणि शेवटी काळ्याला टेकलेला 'काची'. 'काची'चा उच्चार 'विजय' या अर्थाच्या शब्दासारखाच, त्यामुळे सामुराईंचा तो आवडता. मला तर सगळी मोहिनी या उतरंडीतच वाटते. आपण 'फिकट निळा', 'गडद निळा' यावर भागवतो. आइझोमे म्हणजे सरळ 'निळीची रंगाई'.

आणखी एक उत्तर : 'नीळ' म्हणा, पण आपली गुळी डोळ्यांपुढे आणू नका. आपल्याकडे पाला पाण्यात भिजवून, घुसळून, खाली बसलेल्या गाळाच्या वड्या करत. जपानातल्या तोकुशिमात, म्हणजे जुन्या आवा प्रांतात, झाडच वेगळं, कुट्टूच्या कुळातलं. त्याचा वाळवलेला पाला ढीग घालून, पाणी मारून, वरखाली करत सुमारे १०० दिवस कुजवतात. ढीग वाफाळतो, अमोनियाचा वास नाकात जातो. हा झाला 'सुकुमो'. मग राखेचं पाणी, चुना, गव्हाचा कोंडा आणि थोडी साके, म्हणजे तांदळाची दारू, घालून तो रांजणात आंबवायचा. वर येणाऱ्या निळ्या फेसाला ते 'आइ नो हाना', निळीचं फूल, म्हणतात. कापड बाहेर निघतं हिरवट. निळं होतं ते हवा लागल्यावर.

पुरवणी : आंबवण हवापाण्यावर अवलंबून, म्हणून 'कोया नो आसात्ते' ही म्हण : रंगाऱ्याचा 'परवा'. आपल्या शिंप्याचा वायदा तोच! 'कोया' म्हणजे निळीचा रंगारी. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, 'निराळी'. सोलापूर-नगरकडे निळीची रंगाई करणाऱ्या समाजाचं हे नाव. पण आजचा वाचक ते 'वेगळी' असं वाचेल, तेव्हा भाषांतरात 'निळीचा रंगारी'च ठेवा.