मदत हवी आहे : माजी सैनिकांच्या केसेस लढवणाऱ्या वकिलांचे कागद कुठे आणि कसे ठेवावेत?

नमस्कार मंडळी,

माझे सासरे गेल्या पावसाळ्यात गेले. घरीदारी सगळे त्यांना अण्णा म्हणत. फौजेत क्लार्क होते, पेन्शनवर आल्यावर एलएल.बी. केलं आणि मग शेवटपर्यंत साताऱ्यात वकिली केली. पक्षकार जवळजवळ सगळे माजी सैनिक, नाहीतर त्यांच्या विधवा. डिसॅबिलिटी पेन्शन, फॅमिली पेन्शन, रिझर्व्हिस्ट पेन्शन, रेकॉर्डमधल्या नावाच्या आणि जन्मतारखेच्या दुरुस्त्या, हेच त्यांचं काम. सातारा जिल्ह्यात अशा कामाला तोटा नाही. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव इथलंच, जिथले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले.

आता घर रिकामं करायचं आहे. जुनी इमारत पाडून नवी होणार, दिवाळीनंतर ताबा द्यायचा. दोन गोदरेजची कपाटं आणि माळ्यावरच्या काळ्या फौजी ट्रंका अण्णांच्या कागदांनी भरलेल्या आहेत. नातेवाईकांचं म्हणणं, रद्दीवाल्याला बोलवा. ते मला पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगते, म्हणजे सल्ला द्यायला सोपं जाईल.

एक फाईल उदाहरणादाखल, नावगाव न देता. मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान. भरतीच्या मेडिकलमध्ये ठणठणीत, तशी नोंद आहे. काही वर्षांनी फिट येऊ लागल्या, मेडिकल बोर्ड झालं आणि घरी पाठवलं. डिसॅबिलिटी पेन्शनचा दावा अलाहाबादच्या पेन्शन ऑफिसातून नामंजूर: आजार नोकरीमुळे झालेला नाही, नोकरीमुळे बळावलेलाही नाही. अपीलही फेटाळलं. बोर्डाच्या कागदावर अण्णांनी लाल पेन्सिलीने ओळ अधोरेखित करून समासात लिहिलंय, 'भरतीवेळी आजाराची नोंद नाही. मुद्दा हाच.' खाली १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्समधला नियम हाताने उतरवून काढलाय.

हाच मुद्दा पुढे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या निकालात उचलून धरला. तिथेही आजार फिटचाच होता. भरती करताना आजाराची नोंद नसेल आणि पुढे त्याच कारणावरून जवानाला काढलं, तर आजार नोकरीमुळे झाला असं गृहीत धरायचं. तो तसा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. अण्णा हे कितीतरी आधीपासून अर्जाअर्जांत लिहीत होते.

फाईलच्या शेवटी जवानाच्या बायकोचं पोस्टकार्ड आहे. अक्षर बहुधा शाळेतल्या गुरुजींचं. 'कोर्टाचा खर्च आम्हास झेपणार नाही, तरी आता राहू द्यावे.' त्याला टाचलेली अण्णांच्या उत्तराची कार्बन कॉपी: 'पैशाचे नंतर बघू. डिस्चार्ज बुक घेऊन या.' बाई आल्या नसाव्यात, कारण पुढे काहीच नाही. अशा अर्ध्यावर थांबलेल्या फायली बऱ्याच आहेत, आणि माझा जीव अडकलाय तो त्यांच्यातच.

पेन्शन न घेता घरी आलेल्या जवानांचे सेवेचे कागद रेकॉर्ड ऑफिसात पंचवीस वर्षं ठेवतात आणि मग नष्ट करतात. कोर्टात सरकारी बाजूकडून 'कागद मुदत संपल्याने नष्ट केले आहेत' असं उत्तर येतं, आणि अशी उत्तरं अण्णांच्या फायलींत गठ्ठ्याने आहेत. म्हणजे १९७० च्या आसपास सुटून आलेल्या माणसाचा मेडिकल बोर्डाचा कागद आता बेळगावच्या किंवा खडकीच्या रेकॉर्डमध्ये नसेलही, पण आमच्या माळ्यावर असू शकतो. तो रद्दीत घालायला माझा हात धजणार नाही.

याशिवाय अण्णांचे स्वतःचे कागद वेगळे: केस डायऱ्या, माजी सैनिकांच्या मेळाव्यांतली भाषणं, मंत्र्यांना आणि खासदारांना पाठवलेली निवेदनं, नाकरा निकालावरची टिपणं (पेन्शनच्या हक्कावरचा सुप्रीम कोर्टाचा १७ डिसेंबर १९८२ चा तो निकाल, ज्याच्या तारखेला पेन्शनर्स डे पाळतात), वन रँक वन पेन्शनवरची कात्रणं. एका ट्रंकेत दुसऱ्या महायुद्धातल्या जवानांची पत्रंही आहेत, पुरावा म्हणून कुटुंबांनी दिलेली. त्यातली काही मोडीत आहेत, मला वाचता येत नाहीत.

तर जाणकारांनी सांगावं. पक्षकारांच्या फायलींवर आता हक्क कुणाचा? त्यांत लोकांचे आजार आहेत, दारूच्या नोंदी आहेत, नवऱ्याने टाकलेल्या बायकांचे अर्ज आहेत. हे सगळं उचलून एखाद्या संस्थेला देणं बरोबर होईल का? ज्यांचा दावा अजून उभा राहू शकतो त्यांना शोधायचं कसं? आणि पोस्टकार्डवाल्या बाई हयात असतील तर इतक्या वर्षांनी काही होऊ शकतं का?

प्रतिसाद १

ताई, मी हायकोर्टात आणि मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलमध्ये काम करतो. सगळ्यात आधी चालू केसेस वेगळ्या काढा. ट्रायब्युनल २००९ मध्ये सुरू झालं तेव्हा हायकोर्टातल्या बऱ्याच याचिका तिकडे वर्ग झाल्या, त्यामुळे एकाच प्रकरणाला दोन नंबर असतील, दोन्ही लिहून ठेवा. प्रलंबित निघालं तर पक्षकाराला लगेच कळवा. नवीन वकीलपत्र दाखल झालं नाही तर तारखेला कुणी उभं राहणार नाही.

मालकीचं म्हणाल तर पक्षकाराने दिलेले कागद पक्षकाराचे. आर. डी. सक्सेना प्रकरणात (२०००) सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की फी थकली म्हणूनसुद्धा वकिलाला फाईल अडवून ठेवता येत नाही. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), मूळ दाखले हे त्या त्या कुटुंबाकडेच गेले पाहिजेत. डायऱ्या, टिपणं, भाषणं अण्णांची, म्हणजे आता तुम्हा वारसांची.

गोपनीयता जपायचा तुमचा विचार योग्य आहे. पक्षकाराने वकिलाला सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय उघड करायचं नाही, आणि हे बंधन काम संपल्यावरही राहतं. पूर्वी एव्हिडन्स ॲक्टचं कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १३२. तुम्ही वकील नसलात तरी वागताना तेच धरून चाला. निकालाच्या प्रती मात्र खुल्या असतात, त्यांची काळजी नको.

त्या बाईंबद्दल: उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. तरसेम सिंग निकालात (२००८) म्हटलंय की पेन्शन न मिळणं हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, म्हणून दावा ऐकला जाऊ शकतो. थकबाकी मात्र साधारणपणे अर्ज करण्याआधीच्या तीनच वर्षांची मिळते. म्हणून एक एक महिना महत्त्वाचा. लग्नाची नोंद पार्ट टू ऑर्डरने (जवानाच्या घरच्या नोंदींत बदल करणारा लष्करी आदेश) रेकॉर्डवर गेली होती का तेही बघा. नसेल तर आधी तिथूनच सुरुवात करावी लागेल.

प्रतिसाद २

मी दप्तरखान्यात काम केलंय, तेवढ्यापुरतं सांगते. फायलींचा क्रम मोडू नका. कपाट, कप्पा, गठ्ठा असे नंबर टाका, मोबाइलवर फोटो काढा आणि मगच हलवा. अण्णांनी काय कशाला जोडून ठेवलं होतं ही पण माहितीच आहे, एकदा विस्कटली की परत येत नाही.

फॅक्सचे गुळगुळीत कागद सापडले तर त्यांची झेरॉक्स आजच काढा, त्यावरची अक्षरं उडत जातात. गंजलेल्या टाचण्या ओढून काढू नका, कागद फाटतो. मागून टोक सैल करून सरकवा. फाटलेल्याला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. कसर किंवा वाळवी दिसलेली ट्रंक बाकीच्यांपासून लांब ठेवा. ट्रंका जमिनीला टेकवू नका, खाली फळ्या किंवा विटा द्या.

अण्णांचे स्वतःचे कागद आणि महायुद्धातली पत्रं यांच्यासाठी राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडे विचारा, कोल्हापूर आणि पुण्याची कार्यालयं तुम्हाला जवळ. दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागार आणि तीन मूर्तीचं ग्रंथालय खासगी कागदपत्रं स्वीकारतात. पण देताना लेखी करार करा. कोणता भाग किती वर्षं बंद राहील, कुणाला बघता येईल, नावं झाकायची का, हे सगळं त्यात हवं. आधी यादी पाठवा, कागद नंतर. पत्रं कुटुंबांनी दिलेली असतील तर त्यांनाही विचारा.

प्रतिसाद ३

वहिनी, मी स्वतः माजी सैनिक, सिग्नल्सचा. कृपा करून नावांची यादी व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. दुसऱ्या दिवशी एजंट त्या बायकांच्या दारात उभे राहतील.

यादी सर्व्हिस नंबरने करा. नावात गोंधळ होतो, रेकॉर्डला एक, आधारला दुसरं, गावात तिसरंच. नंबर मात्र बदलत नाही. तो आणि गाव एवढंच घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे माजी सैनिकांच्या आणि विधवांच्या नोंदी असतात. त्यांच्यामार्फत निरोप गेला तर लोकांचा विश्वासही बसतो. आता पेन्शन 'स्पर्श'वर (संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर) गेल्यापासून म्हाताऱ्या माणसांची नाव जुळवताना फार ओढाताण होते. जुन्या पीपीओची प्रत हाती असली तर निम्मं काम होतं.

सात वर्षं कलर (प्रत्यक्ष नोकरी) आणि आठ वर्षं रिझर्व्ह (घरी राहून राखीव) झालेल्यांच्या फायली दिसल्या तर बाजूला काढा. असे पुष्कळ लोक पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पेन्शनविना राहिले.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन ढीग करायचं ठरवलंय. चालू केसेस आणि मूळ दाखले सगळ्यात आधी घरोघरी पोचवायचे. अर्ध्यावर थांबलेल्या फायलींची सर्व्हिस नंबरने यादी करून सैनिक कल्याण कार्यालयात जायचं. अण्णांच्या डायऱ्या आणि पत्रं सांभाळायची, यादी झाल्यावर पुराभिलेखला लिहायचं. पोस्टकार्डवाल्या बाईंच्या गावी मी स्वतः जाणार आहे, त्यांचा किंवा मुलांचा पत्ता लागतो का बघते. वकीलसाहेब, त्या भेटल्या तर त्यांच्या परवानगीने तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करेन.

आता दोन अडचणी उरतात. साताऱ्यात किंवा कराडला दिवाळीनंतर काही महिने ट्रंका ठेवायला कोरडी, कुलूप लावता येईल अशी खोली कुणाच्या ओळखीत आहे का? भाडं देऊ. आणि मोडी वाचणारं कुणी असेल तर कळवा. पत्रं घराबाहेर देणार नाही, इथे येऊन वाचावी लागतील. जाण्यायेण्याचं आणि जेवणखाण्याचं आमच्याकडे.